बॉनेटखालची वही

गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास खंडाळ्याचा घाट चढत असताना माझ्या गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचे पिवळे चिन्ह उजळले. गाडी चालत होती, तापमानाचा काटा जागेवर होता, आवाजही नेहमीचाच. तरीही अशा वेळी माणूस जे करतो तेच मी केले : रेडिओ बंद केला आणि कान टवकारले. काही ऐकू आले नाही. दुसऱ्या दिवशी पुण्यात कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी नेली. वातानुकूलित खोली, कॉफीचे यंत्र, आणि काचेच्या भिंतीपलीकडे माझी गाडी. अर्ध्या तासाने हातात टॅब्लेट घेतलेला एक तरुण आला.

"सर, ऑक्सिजन सेन्सर गेलाय. पार्ट आणि लेबर धरून साडेचौदा हजार होतील. शिवाय इंजिन फ्लश आणि थ्रॉटल बॉडी क्लीनिंग करून घ्या. आपल्या किलोमीटरला रेकमेंडेड आहे."

"सेन्सर गेलाय हे कशावरून?"

"स्कॅनरला कोड आलाय ना, सर."

"कोणता कोड?"

तो थबकला. कोड ग्राहकाला द्यायची आमच्याकडे पद्धत नाही, असे त्याने नम्रपणे सांगितले. माझी गाडी, माझ्या गाडीने लिहून ठेवलेली तक्रार, आणि ती मला वाचायला मिळणार नव्हती. मी गाडी घेऊन परत आलो. गाडीची दुरुस्ती घरी करावी, गल्लीतल्या मेस्त्रीकडे करावी की कंपनीच्या दारात न्यावी, हा वाद आपल्याकडे पैशांच्या अंगाने नेहमी होतो. त्याआधीचा प्रश्न असा आहे की गाडीला काय झाले आहे हे कोण वाचू शकतो. त्याचा माग काढताना मी बराच लांब, थेट लॉस एंजेलिसपर्यंत गेलो.

पण आधी कुर्ला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी फियाट, सत्तरच्या दशकात जिला पद्मिनी हे नाव मिळाले, ती मराठी मध्यमवर्गाची पहिली शाळा. तिच्या इंजिनात वाचण्यासारखे काही लिहिलेले नसे. सगळे ऐकायचे, हुंगायचे, हाताला लागायचे. डिस्ट्रिब्यूटरमधल्या पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी कमी हवी. फीलर गेज नसेल तर मेस्त्री आपल्या अनुभवातले एखादे पाते सरकवून पाही. प्लग काढला की त्याच्या टोकाचा रंग पाहायचा : काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त, पांढुरके असेल तर कमी, विटकरी तपकिरी असेल तर बेत जमला. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाच्या हाडाला लावून मेस्त्री आतला आवाज ऐकत, डॉक्टर स्टेथोस्कोप लावतो तसा. त्या पिढीतल्या गाड्यांच्या मालकपुस्तिकाही वेगळ्या असत. टॅपेटची फट किती, टायमिंगची खूण कुठे, हे मालकाला सांगितलेले असे. आजच्या पुस्तिकेत ब्लूटूथ कसे जोडावे यावर पाने खर्च होतात आणि बाकी ठिकाणी एकच वाक्य येते : अधिकृत विक्रेत्याशी संपर्क साधा.

या जुन्या गॅरेजचे फार गोडवे गाऊ नयेत. तिथेही ज्ञान झाकलेले असे. उस्ताद कार्बोरेटरचा स्क्रू फिरवताना पोऱ्याला चहा आणायला पिटाळत, हे कित्येक मेस्त्र्यांनी मला हसत हसत सांगितले आहे. नकली पार्ट खऱ्याच्या खोक्यात घालून देणारेही तेव्हा होतेच. फरक एवढाच की लपवलेली गोष्ट शेवटी डोळ्यांसमोर घडत असे. चिकाटीचा मालक बोनेटशी उभा राहून दोन-चार रविवारांत शिकू शके. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेमुळे रस्त्यावरून गेली तेव्हा वर्तमानपत्रांत तिच्या रंगाबद्दल, टपावरच्या कॅरियरबद्दल पुष्कळ हळवे लिहून आले. तिच्यासोबत ऐकून दुरुस्त करण्याची एक विद्याही निवृत्त झाली, ते फारसे कुणी लिहिले नाही.

मग इंजिनात संगणक आला कशासाठी? मालकाच्या सोयीसाठी नाही, आणि त्याला लुटण्यासाठीही नाही. तो आला धुरामुळे. १९४३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसवर डोळे झोंबवणारे दाट धुके उतरले. पुढे पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला आरी हागेन-स्मिट या डच रसायनशास्त्रज्ञाने, जो तोवर अननसाच्या स्वादातली रसायने शोधण्यात रमला होता, हे धुके गाड्यांच्या धुरातील हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइडवर ऊन पडल्याने तयार होते हे दाखवून दिले. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवेसाठी स्वतंत्र मंडळ नेमले. धुराच्या मर्यादा कडक होत गेल्या तशा कार्बोरेटरच्या अंदाजपंचे मिश्रणाने भागेना. पेट्रोल मोजून द्यायचे तर सेन्सर हवे, सेन्सरचे ऐकायला संगणक हवा.

मंडळापुढे पुढचा प्रश्न साधा होता. नवी गाडी चाचणीत स्वच्छ असते, पण पाच वर्षांनी एखादा भाग बिघडून ती गुपचूप धूर ओकू लागली तर कळणार कसे? तेव्हा गाडीनेच स्वतःवर पहारा ठेवावा आणि बिघाड लिहून ठेवावा, असा नियम १९८८ च्या गाड्यांपासून कॅलिफोर्नियात आला. पहिल्या पिढीत प्रत्येक कंपनीची लिपी वेगळी, वाचायचे यंत्र वेगळे. म्हणून दुसरी पिढी आली. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला सोळा पिनांचे एकाच आकाराचे सॉकेट आणि धुराशी संबंधित दोषांसाठी एकच सामाईक कोडसूची सक्तीची झाली. युरोपात पेट्रोल गाड्यांना ही सक्ती २००१ पासून झाली. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या नियमांबरोबर २०१० पासून पहिला टप्पा आणि एप्रिल २०१३ पासून दुसरा. तुमची गाडी त्यानंतरची असेल तर स्टिअरिंगखाली, गुडघ्याच्या वरच्या अंगाला हात घालून पाहा. रुंद पण बुटक्या आकाराचे ते सॉकेट तिथे असेल.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. हे दार कंपन्यांनी आपण होऊन उघडलेले नाही. सरकारने धुराच्या कारणासाठी ते उघडायला लावले, आणि जिथवर धुराचा संबंध तिथवरच ते सर्वांना उघडे आहे. 'पी' या अक्षराने सुरू होणारे आणि पुढे शून्य असलेले कोड जगभर एकाच अर्थाचे. पुढे एक आला की सहसा तो कंपनीचा खासगी कोड. एअरबॅग, ब्रेकची एबीएस यंत्रणा, किल्लीची सुरक्षा, दरवाजे यांच्यासाठी 'बी', 'सी', 'यू' ही अक्षरे आहेत, पण त्यांतले बरेच काही कंपनीच्याच यंत्राला पूर्ण कळते. हजार रुपयांच्या आत मिळणारे ब्लूटूथचे वाचनयंत्र गाडीची वही उघडते ती अर्धीच.

वही हा शब्द मी मुद्दाम वापरतो आहे. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची घरे गाठली तेव्हा त्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे आणि वह्या. हाती लागले ते त्यांनी जाळले. कर्जाइतकाच राग, ज्यावर आपला अंगठा आहे ते आपल्याला वाचता येत नाही, याचा होता. चार वर्षांनी झालेल्या कायद्यात पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, अशी कलमे आली. त्या शेतकऱ्याची जमीन जात होती, माझे फार तर साडेचौदा हजार. दु:खाची तुलना नाहीच. पण वही एकाच्या हातात आणि अंगठा दुसऱ्याचा, हा मामला ओळखीचा आहे.

आता माझ्या गाडीकडे. शेजाऱ्याच्या इंजिनिअर मुलाकडून वाचनयंत्र आणले, मोबाइलला जोडले. कोड आला : पी ०१७१. अर्थ असा की मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. 'ऑक्सिजन सेन्सर गेला' असे त्यात कुठेही नाही.

नेमका हाच भाग बहुतेकांच्या हातून निसटतो, घरी दुरुस्ती करणाऱ्यांच्याही आणि सर्व्हिस सेंटरच्याही. कोड म्हणजे निदान नव्हे. कोड म्हणजे रुग्णाची तक्रार. पोटात दुखते, एवढेच तो सांगतो. एक ग्रॅम पेट्रोल पुरते जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. एअर फिल्टरच्या पुढे बसवलेला सेन्सर आत येणारी हवा मोजतो, संगणक त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो, आणि धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर मागाहून सांगतो की हिशेब जमला की नाही. ऑक्सिजन उरला असेल तर संगणक पेट्रोल वाढवतो. ही वाढ-घट टक्क्यांत लिहिली जाते, तिला फ्युएल ट्रिम म्हणतात. पाच-सात टक्के इकडेतिकडे चालते. वाढवून वाढवून संगणक थकला, साधारण वीस-पंचवीस टक्क्यांपलीकडे गेला, की तो दिवा लावतो. तेव्हा माझ्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर बहुधा खरेच बोलत होता, आणि सर्व्हिस सेंटर तक्रार सांगणाऱ्यालाच बडतर्फ करायला निघाले होते.

मग खरी गोम कुठे? मोजल्याशिवाय आत शिरणारी हवा, मळलेला हवेचा सेन्सर, कमजोर पेट्रोल पंप, तुंबलेले इंजेक्टर, यांपैकी काहीही. मोबाइलच्या पडद्यावर जिवंत आकडे पाहता येतात. गाडी नुसती सुरू ठेवली तर ट्रिम चोवीस टक्के. ॲक्सिलरेटर दाबून फेरे अडीच हजारांवर नेले तर सहा. हा फरकच उत्तर देतो. रबरी नळीला चीर असेल तर तिथून चोरून येणारी हवा साधारण तेवढीच राहते. इंजिन मंद असताना एकूण हवेत तिचा वाटा मोठा, जोरात असताना किरकोळ. पंप कमजोर असता तर उलट झाले असते, जोर मागितल्यावर तूट वाढली असती.

हे आकडे घेऊन मी आमच्या गल्लीतल्या मेस्त्रीकडे गेलो. पद्मिनीवर हात बसलेला माणूस. आकड्यांकडे त्याने फार लक्ष दिले नाही. 'हवा खातीये' एवढेच म्हणाला, आणि नळ्यांच्या सांध्यांवर कार्ब क्लीनरचा बारीक फवारा मारत गेला. (हे घरी करू नये. ते पेट घेते आणि इंजिन तापलेले असते.) एका वळणावर फवारा पडताच इंजिनाचा आवाज बदलला. इंजिनातली वाफ परत आत नेणारी रबराची नळी खालच्या अंगाने चिरली होती. नळी नाना पेठेतून आणली, ३४० रुपये. मजुरी दोनशे. दिवा विझला, तो आजवर पेटलेला नाही.

या गोष्टीत विजय कुणाचा, असे कोणी विचारेल. नळी मेस्त्रीने पाच मिनिटांत शोधली, पण मी आकडे नेले नसते तर त्याने आधी प्लग बदलून पाहिले असते, असे त्यानेच नंतर कबूल केले. वाचनयंत्राने जागा दाखवली नाही, पण शोध अर्ध्यावर आणून ठेवला. आणि सर्व्हिस सेंटरमध्येही हेच आकडे, किंबहुना जास्त चांगले, समोर होते. तिथल्या पोरांना कळत नाही असे मी म्हणणार नाही. त्यांना वेळ मोजून मिळतो. पार्ट बदलला तर बिल होते. तासभर विचार केला तर त्याचे बिल कोणी लावत नाही. बऱ्याच ठिकाणी सल्लागाराच्या पगाराचा काही भाग त्याने विकलेल्या जादा कामांवर ठरतो. इंजिन फ्लश 'रेकमेंडेड' आहे की नाही हे मालकपुस्तिकेतल्या देखभालीच्या तक्त्यात पाहावे. बहुधा तिथे त्याचे नावही सापडत नाही.

हा एकट्यादुकट्या सेंटरचा दोष नसून रचनेचा आहे, हे आपल्या देशात कागदोपत्री सिद्ध झालेले आहे. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली : सुटे भाग आणि निदानाची यंत्रे कंपन्या बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. तक्रार तीन कंपन्यांविरुद्ध होती, चौकशी वाढत गेली, आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आयोगाचे म्हणणे होते की गाडी घेताना ग्राहकाला दहा कंपन्या दिसतात, पण घेतल्यानंतर तिच्या भागांच्या आणि दुरुस्तीच्या बाजारात एकच दुकान उरते. भाग खुल्या बाजारात आणा, दुरुस्तीची माहिती आणि यंत्रे स्वतंत्र गॅरेजना द्या, आणि बाहेर हात लावला म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असे आदेश होते. पुढे अपिले झाली, दंडाचे आकडे वादात सापडले. सर्व्हिस सेंटरच्या भिंतीवर मात्र बाहेर काम केल्यास वॉरंटी जाईल ही पाटी मी अजूनही वाचतो. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, वर्षअखेरीस त्यासाठीचे पोर्टलही सुरू झाले. मोटारी त्यात आहेत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनी हाच हक्क २०१२ मध्ये मतपेटीतून मिळवला होता.

आता स्वतःच्या हातांबद्दल, कारण इथे फुशारकीला वाव नाही. दोन वर्षांपूर्वी मी घरच्या घरी ऑइल बदलले. काम सोपे : बोल्ट सोडा, जुने ऑइल काढा, फिल्टर बदला, बोल्ट लावा. तो बोल्ट मी 'घट्ट असलेला बरा' म्हणून जोर लावून आवळला. खालचे ऑइलपात्र ॲल्युमिनियमचे होते, आटेच उतरले. बोल्ट किती आवळायचा याचा ठरलेला आकडा असतो आणि तो मोजणारा पाना असतो, हे मी नंतर वाचले. वाचवलेल्या पैशांच्या चौपट गेले. शिवाय काढलेले साडेतीन लिटर काळे ऑइल आठ दिवस बाल्कनीत होते. ते गटारात ओतणे हा गुन्हाच. शेवटी मेस्त्रीच्या पिंपात नेऊन टाकले.

एअर फिल्टर, केबिनचा फिल्टर, वायपर, बल्ब, फ्यूज, टायरची हवा, बॅटरीची टोके, कूलंटची पातळी, हे ज्याला पाना धरता येतो त्याने करावे. पिवळ्या वेष्टनातल्या वायरींना हात लावू नये, त्या एअरबॅगच्या असतात. विजेच्या आणि हायब्रिड गाडीत नारिंगी वायर दिसली की बॉनेट लावून टाकावे. त्यात शेकडो व्होल्ट असतात. ब्रेकचे काम ज्याने कुणाच्या हाताखाली शिकले नाही त्याने पडद्यावर पाहून करू नये. उत्पादनातल्या दोषासाठी कंपनीने परत बोलावलेली गाडी आणि संगणकाची सुधारित प्रणाली यांसाठी अधिकृत केंद्रालाच जावे लागते, आणि वॉरंटी चालू असेपर्यंत तिथे जाणे शहाणपणाचेही आहे. मात्र जॉब कार्डावर कोड लिहून मागावा. कोड कळला की संभाषण बदलते, हे मी अनुभवाने सांगतो.

आणखी एक पाप घरच्या यंत्रामुळे वाढले आहे, ते म्हणजे कोड खोडणे. एक बटण दाबले की दिवा विझतो. पण त्याबरोबर बिघाडाच्या क्षणी इंजिन किती तापलेले होते, वेग किती होता, ही नोंदही पुसली जाते. पोलीस येण्याआधी जागा धुऊन काढावी तसा प्रकार. जुनी गाडी विकणारे हे हमखास करतात. पण वही एवढी भोळी नाही. कोड खोडल्यावर संगणकाच्या आत्मपरीक्षणाच्या काही चाचण्या 'अपूर्ण' दिसू लागतात आणि पुरेशी गाडी चालल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. जुनी गाडी घ्यायला जाल तेव्हा वाचनयंत्र सोबत न्या. दिवा नाही, कोड नाही आणि चाचण्या मात्र सगळ्या अपूर्ण असतील, तर मालकाला विचारा, काल रात्री काय केलेत?

काही कंपन्यांनी २०१८ च्या सुमारापासून सॉकेटच्या आत आणखी एक दार बसवायला सुरुवात केली आहे. चोरांनी गाडीच्या संगणकात शिरू नये हे त्यामागचे कारण खोटे नाही. पण त्यामुळे कोड वाचता येतो, खोडायला किंवा एखादा भाग तपासायला मात्र कंपनीची ऑनलाइन परवानगी लागते. दुसरीकडे गाडी आपले आकडे सॉकेटमधून न देता सिमकार्डावरून थेट कंपनीच्या सर्व्हरला पाठवू लागली आहे. मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी २०२० मध्ये या बिनतारी नोंदींवरही मालकाचा हक्क मागितला. कंपन्या कोर्टात गेल्या.

परवा मेस्त्रीकडे गेलो होतो. त्याच्या मुलाने कर्ज काढून मोठा स्कॅनर घेतला आहे, त्याचे वार्षिक शुल्क वेगळे. समोर एक नवी गाडी उभी होती, पुढचे ब्रेक पॅड नुकतेच बदललेले. मागचे पॅड बदलायचे तर हँडब्रेक विजेचा, तो आधी संगणकाकडून उघडून घ्यावा लागतो. मुलगा पडद्यावर गोल फिरणाऱ्या चिन्हाकडे पाहत होता. परवानगी आलीच नाही. बापाने हात पुसले, पाने खोक्यात ठेवले आणि गाडीवाल्याला सर्व्हिस सेंटरचा पत्ता समजावून सांगू लागला.